‘देवाने मला निवडलं’ म्हणताना आईचा चेहरा समोर येतो, तर आभार कसे मानायचे?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात त्या एकट्याच विश्वासात आहेत. आई रोज सकाळी देवघरात दिवा लावते, लेकीशी भांडत नाही, पण उपासनेलाही येत नाही. ताई लिहितात: “मंडळीत उपकारस्तुतीच्या वेळी सगळे म्हणतात, प्रभू, तू मला जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलंस. मी म्हणायला जाते आणि आई डोळ्यांसमोर येते. मी निवडलेली, म्हणजे ती वगळलेली का? असे आभार मानणं तिचा अपमान वाटतो. आणि मी खरोखरच निवडलेली आहे हे तरी कशावरून?”

ताई, तुमची जीभ अडखळते याचं मला वाईट वाटत नाही. बत्तीस वर्षं पाळक म्हणून सेवा करतोय, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. या वाक्यावर ज्यांची जीभ कधीच अडखळली नाही, त्यांच्यातल्या काहींनी मला अडखळणाऱ्यांपेक्षा जास्त काळजीत टाकलं आहे. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आईचा आणि तुमचा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, ‘निवडणे’. तो आधी नीट पाहू.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावची गोष्ट सांगतो. रविवारी मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केलं होतं. सोमवारी सकाळी भेटी द्यायला निघालो, तर मंडळीतली एक म्हातारी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सलाम झाला, मी पायरीवर टेकलो. तिची बोटं थांबली नाहीत. चांगला दाणा अलीकडे, खडा पलीकडे, मधूनच सुपाला एक हिसका. थोड्या वेळाने तिने विचारलं, “साहेब, काल तुम्ही म्हणले देवानं आपल्याला निवडलं. ते आसंच का?” मी तरुण होतो, उदाहरण आयतं हाती आलं म्हणून खूश झालो आणि म्हणालो, “हो मावशी, अगदी असंच.” तिने सुपातला एक बारका काळा खडा चिमटीत धरून माझ्यासमोर केला. “मंग मी कशी ऱ्हायले सुपात? मी तर ह्यो व्हते.”

मला उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की प्रवचनात मी जे सांगायला हवं होतं ते तिने सांगून टाकलं होतं.

आपल्या मराठीत ‘निवडणे’ हा शब्द घरात तांदळाशी आणि भाजीशी जोडलेला आहे, बाहेर निवड समितीशी आणि निवडणुकीशी. चारही ठिकाणी अर्थ एकच: चांगलं ते ठेवायचं, वाईट ते टाकायचं. त्यामुळे ‘देवाने मला निवडलं’ हे वाक्य कानावर पडलं की न सांगताच मन दोन गोष्टी जोडतं. एक, माझ्यात काहीतरी होतं. दोन, दुसऱ्यात ते नव्हतं. तुम्हाला आईचा अपमान वाटतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. आणि ‘मी खरंच निवडलेली का’ ही धास्ती वाटते ती पहिल्या गोष्टीमुळे, कारण आपल्यात तसं काही नाही हे आपल्याला आतून माहीत असतं.

पवित्र शास्त्र मात्र हे दोन्ही धागे तोडतं, आणि मुद्दाम तोडतं. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे इस्राएलाला सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून परमेश्वराने तुम्हांला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्याने निवडलं, कारण त्याचं तुमच्यावर प्रेम होतं. म्हणजे प्रेम होतं म्हणून प्रेम केलं. याच्या मागे आणखी कारण शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. दोन अध्याय पुढे, नवव्यात, तो परत बजावतो: माझ्या नीतिमत्त्वामुळे मला हा देश मिळाला असं मनात आणू नका, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल, ज्याने इफिसकरांस पत्रही लिहिलं, हेच सांगतो, की तुमच्यात ज्ञानी फार नाहीत, बलवान फार नाहीत, कुलीन फार नाहीत. जगाने हीन आणि तुच्छ मानलेलं देवाने निवडलं. इफिसकरांस पत्रात तर निवडीच्या लगेच पुढच्या ओळीत शब्द येतो ‘दत्तक’. दत्तक घेताना मुलाची गुणपत्रिका कोणी मागत नाही.

आमच्या भागात या वचनांचा इतिहास वेगळा आहे, तो सांगायला हवा. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. पुढे आमच्या खेड्यापाड्यांतल्या ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतले बहुतेक लोक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले, महार आणि मांग. ज्यांना जन्मानेच ‘तुम्ही वेचून बाजूला काढलेले’ असं सांगितलं गेलं होतं, त्यांनी ‘जगाने तुच्छ मानलेलं देवाने निवडलं’ हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय झालं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. खडा चिमटीत धरणाऱ्या त्या मावशीच्या बोलण्यात तीन पिढ्यांचं ओझं होतं. आणि याच मंडळ्यांमध्ये चौथ्या पिढीपर्यंत ‘आम्ही निवडलेले’ हे ताठ मानेने म्हणणारे तयार झाले, लग्नं जमवताना जुनी जात परत विचारू लागले, हेही मी पाहिलं आहे. ओठांवर निवड तीच राहिली, पण तिच्यातली उपकाराची आठवण गेली.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. तुम्ही लिहिलंत, “तू मला निवडलंस.” पौलाने ‘मला’ लिहिलेलं नाही. आपलं मराठी शास्त्र उघडून पाहा, इफिसकरांस पत्र १:४: “त्याने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडून घेतले.” आपल्याला. पौलाने लिहिलं त्या ग्रीकमध्ये आम्ही आणि आपण यांना एकच शब्द आहे, इंग्रजीतही तसंच. मराठीत मात्र भाषांतरकाराला ठरवावंच लागतं की ऐकणारा आत आहे की बाहेर. ‘आम्हांला निवडलं’ म्हटलं तर ऐकणारा दाराबाहेर उभा राहतो. ‘आपल्याला’ म्हटलं की त्याच्यासाठीही चटईवर जागा होते. पौल हे पत्र मंडळीला लिहीत होता हे खरं, त्यामुळे या एका सर्वनामावरून सगळं जग तारलं गेलं असा निष्कर्ष मी काढत नाही. पण निवडीबद्दलची उपकारस्तुती ‘आपण’मध्येच करायची असते हे आपल्या भाषेला आयतं मिळालेलं आहे, आणि आम्ही पाळक मंडळी ते फारसं वापरत नाही.

तिसऱ्या ते चौदाव्या वचनापर्यंतचा हा भाग ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. पौलाला मध्ये थांबवत नाही. ‘त्याच्या गौरवाची स्तुती व्हावी’ अशा अर्थाचे शब्द त्यात तीनदा येतात. ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘त्याच्या ठायी’ हे तर मोजता मोजता दमायला होतं. निवडलेल्यांच्या गुणांबद्दल मात्र त्यात एक शब्द नाही. निवड ही पौलाने सिद्धांत म्हणून सुरू केलेली नाही. ‘देव धन्यवादित असो’ या उद्गारातच ती येते. माझ्या मते ही शिकवण तिच्या या जागेवरून हलवली की बिघडते. प्रार्थनेत ती गोड आहे. वादाच्या टेबलावर आणून ठेवली की कडू होते.

तुमच्या आईच्या प्रश्नासाठी मी तुम्हाला थेस्सलनीकाच्या मंडळीकडे नेतो, कारण त्यांची घरं तुमच्यासारखीच होती. मूर्तींपासून वळून तुम्ही देवाकडे आलात असं पौल त्यांना लिहितो, म्हणजे बहुतेकांचे आईवडील, भाऊबंद जुन्या रीतीतच असणार. त्यांच्या दुसऱ्या पत्रात, २:१३ मध्ये तो म्हणतो की आम्ही तुमच्याविषयी देवाची सर्वदा उपकारस्तुती केली पाहिजे, कारण देवाने तारणासाठी तुम्हांला निवडलं. इथे दोन गोष्टी पाहा.

पहिली, पौल स्वतःच्या निवडीबद्दल आभार मानत नाही, त्यांच्या निवडीबद्दल मानतो. पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाही तेच, आम्हांला तुमची निवड ठाऊक आहे. आपल्या मंडळ्यांत साक्ष देताना नव्वद टक्के वेळ ‘मी’ असतो. शेजारच्या बाकावरच्या बहिणीला देवाने निवडलं म्हणून उभं राहून उपकार मानलेले मी क्वचित ऐकलेत.

दुसरी गोष्ट जुन्या हस्तलिखितांतली आहे. या वचनात काही हस्तलिखितांत ‘अप आर्खेस’ असं आहे, म्हणजे ‘आरंभापासून’, आणि काहींत ‘अपार्खेन’, म्हणजे ‘प्रथमफळ’. जुन्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे फरक शेवटच्या अक्षरापुरताच. आपल्या मराठी शास्त्रात ‘आरंभापासून’ आलं आहे. अभ्यासकांमध्ये दोन्ही बाजू आहेत, आणि मी काही त्यांचा निवाडा करू शकत नाही. पण ‘प्रथमफळ’ हा शब्द तरी पौलाचा नेहमीचा आहे आणि शेतकऱ्याला तो समजवावा लागत नाही. ज्वारीची पहिली कणसं देवापुढे आणली, तर मागे उभं असलेलं शेत नाकारलं असा अर्थ कोणी करत नाही. उलट पहिली पेंढी म्हणजे बाकीचं पीक येणार याची खूण. याकोबही आपल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना प्रथमफळच म्हणतो.

अब्राहामापासून हीच रीत आहे. त्याला निवडलं त्याच दमात सांगितलं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. एका घरात एकाला आधी हाक येते ती बाकीच्यांना दार लावून घेण्यासाठी नव्हे. तुमच्या घरात देवाने एक दिवा आधी लावला, ताई. बाकीच्यांचं काय हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि माहीत असल्यासारखं बोलण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. करिंथमध्ये पौल घाबरला होता तेव्हा प्रभूने रात्री दर्शनात त्याला सांगितलं, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. त्या वेळी त्यातल्या बहुतेकांनी अजून विश्वास ठेवलेला नव्हता. पौलाने त्यांची यादी मागितली नाही. तो दीड वर्ष तिथे राहिला आणि शिकवत राहिला.

रोमकरांस पत्राचा नववा अध्याय हा निवडीचा सगळ्यांत अवघड अध्याय. पण तो सुरू कसा होतो ते लोक विसरतात. माझ्या बांधवांसाठी मला मोठा खेद आणि सतत वेदना आहेत, त्यांच्यासाठी मीच शापग्रस्त व्हावं अशी इच्छा करीन, असं पौल म्हणतो. आणि दहाव्या अध्यायाचं पहिलं वचन: त्यांचं तारण व्हावं ही माझी देवाजवळ विनंती आहे. म्हणजे निवडीवर सगळ्यांत खोल लिहिणारा माणूस स्वतःच्या लोकांसाठी रडत होता आणि प्रार्थना करत होता. तुम्हाला आईचा चेहरा दिसतो तर तुम्ही पौलाच्या शेजारी उभ्या आहात. तो चेहरा बाजूला सारून आभार मानायला तुम्हाला कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका.

उपकारस्तुती बिघडते कशी, हे प्रभूने एका दाखल्यात दाखवून ठेवलं आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, प्रार्थनेला उभा राहतो आणि त्याचा पहिला शब्द आभाराचाच असतो: हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. सुरुवात बरोबर, नाव बरोबर, जागाही मंदिराची. पण ‘इतरांसारखा नाही’ हे आलं आणि आभार मावळले. तुमच्या मंडळीत निवडीबद्दल आभार मानणारं वाक्य कधी खुपलं, तर त्यात ‘इतर’ आहेत का ते पाहा. माझ्याकडे दुसरी चाचणी नाही. “माझे भाऊबंद अजून अंधारात आहेत, पण प्रभूने मला…” ही साक्ष मी शेकडो वेळा ऐकली आहे. हल्ली मी अशा भावाला नंतर बाजूला घेऊन हळूच सांगतो, पहिला अर्धा भाग गाळा, दुसरा पुरेसा आहे.

निवडीवरून ख्रिस्ती लोकांतच केवढा वाद झाला आहे हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, म्हणून थोडक्यात. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने पेलेगियसविरुद्ध कृपेची बाजू मांडली, की तारण माणसाच्या बळाने नव्हे, देवाच्या कृपेने मिळतं. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनने ती पुढे नेली, की कोणाला तारायचं हे देवानेच आधी ठरवलं आहे. हॉलंडमध्ये १६१८-१९ ला डॉर्टच्या सभेत, निवड माणसाच्या विश्वासावर अवलंबून आहे असं मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांशी निकराचा वाद झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या वेस्ली या प्रवचनकाराने १७३९ मध्ये कॅल्व्हिनच्या या शिकवणीविरुद्ध जाहीर प्रवचन केलं आणि त्याचा जिवलग मित्र व्हाइटफील्ड त्यावरून दुखावला. दोघे वेगळे झाले. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीनेच केलं. आमची उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला एकत्र आली, तेव्हा तिच्यात एका बाजूने कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आले, दुसऱ्या बाजूने वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्टही. त्यामुळे आमच्या एकाच बाकावर दोन्ही मतांची नातवंडं बसतात आणि एकाच पेल्यातून घेतात. मी स्वतः कॅल्व्हिनच्या बाजूला झुकतो. पण वेस्लीची एक भीती मला रास्त वाटते, की ही शिकवण दगडाच्या मनाने सांगितली तर ऐकणाऱ्याला देव दगडाचा वाटेल.

मी स्वतः एकदा तशीच सांगितली. एका बापाचा तरुण मुलगा विहिरीत बुडाला. मुलगा मंडळीत येणं सोडून दोन वर्षं झाली होती. मातीनंतर बापाने मला विचारलं, “साहेब, तो निवडलेला होता का?” मी त्याला देवाच्या गुप्त संकल्पाबद्दल दहा मिनिटं समजावलं. एकही वाक्य चूक नव्हतं. तो ऐकत राहिला, मग उठून गोठ्यात गेला आणि म्हशीला पाणी दाखवू लागला. मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं. देव दयाळू आहे हे तुम्हांला आणि मला ठाऊक आहे, तुमच्या लेकराला त्याच्या हाती सोडू, एवढं म्हणून गोठ्यात उभं राहायला हवं होतं. ती चूक मी पुन्हा केली नाही, पण तो बाप माझ्याशी पुढे कधी त्या मुलाबद्दल बोलला नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, मी निवडलेली आहे हे कशावरून. ताई, स्वर्गातली वही उघडून नाव पाहायची सोय कोणालाच नाही. कॅल्व्हिनने एक चांगली गोष्ट सांगितली, की निवड स्वतःमध्ये शोधू नका, ख्रिस्त हा आरसा आहे, त्याच्यात पाहा. डॉर्टच्या सभेनेही म्हटलं की देवाच्या गुप्त गोष्टींत कुतूहलाने डोकावून खात्री मिळत नाही. ख्रिस्तावर विश्वास, पापाबद्दल दुःख, नीतिमत्त्वाची भूक ही फळं स्वतःत दिसतात का ते पाहून मिळते. आणि या सगळ्यांच्या आधी प्रभूचं स्वतःचं वाक्य आहे, योहान ६:३७. त्याचे दोन भाग आहेत. पिता जे मला देतो ते सगळं माझ्याकडे येईल, हा पहिला. जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही, हा दुसरा. पहिल्या भागात निवड आहे, तो देवाच्या हातात. दुसऱ्यात वचन आहे, ते तुमच्या हातात दिलेलं. तुम्ही त्याच्याकडे आलात ना? मग तुम्ही दुसऱ्या भागावर उभ्या आहात, पहिल्याची काळजी त्याला करू द्या. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही त्याला हा प्रश्न रात्री जागवत नाही, हेही ध्यानात घ्या.

खात्री नेहमी पहिल्याच दिवशी येते असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, हे त्यांना पुढे कित्येक वर्षांनी उमगलं, आणि त्यांनी ते साक्षीत मोकळेपणाने लिहिलं. रमाबाईंचं मला आणखी एक महत्त्वाचं वाटतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले, त्या ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली, विधवा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. त्या जागेचं नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवलं. तारणाबद्दलची त्यांची उपकारस्तुती चुलीवरच्या भाकरीत आणि मुलींच्या अंगावरच्या लुगड्यांत दिसत होती. मूळ भाषांतून शास्त्राचं मराठी भाषांतर करण्याचं काम १९२२ मध्ये मरेपर्यंत त्यांच्या हातात होतं.

आणि तुमच्या घरासारखंच घर पाहायचं तर नारायण वामन टिळकांचं. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या, घर दुभंगलं, त्यांनी किती सोसलं ते त्यांच्याच शब्दांत मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य पुढे नेणारी तीच बाई. पाच वर्षांच्या त्या काळात कोणी येऊन ‘टिळक निवडलेले आणि लक्ष्मीबाई वगळलेल्या’ असं म्हटलं असतं तर तो किती मूर्ख ठरला असता! तुमच्या आईबद्दल हे वचन म्हणून सांगत नाही. देवाच्या घड्याळाकडे पाहून निकाल देऊ नये, एवढंच.

आता आभार मानायचे कसे. आपल्याकडे उपकार म्हटलं की ‘फेड’ येते. नवस बोलायचा, काम झालं की नवस फेडायचा, हिशोब पूर्ण. ख्रिस्ती झाल्यावरही हे लगेच जात नाही. प्रभू, मुलीचं लग्न जमलं तर मंडळीला पंखा देईन, अशा प्रार्थना मी ऐकतो. पंखा मंडळीला हवाच असतो, पण निवडीच्या बाबतीत हा व्यवहारच बसत नाही. तुम्ही काही मागण्याच्या आधी, जन्मण्याच्या आधी, जग होण्याच्या आधी दिलेलं तुम्ही काय फेडणार? स्तोत्र ११६ मध्ये भक्त हेच विचारतो, परमेश्वराच्या सगळ्या उपकारांबद्दल मी कसा उतराई होऊ? आणि त्याचं उत्तर चकित करतं: मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. देणं फेडायचं कसं, तर आणखी घेऊन. प्रभुभोजनाच्या वेळी पेला हातात आला की मला हे वचन आठवतं, आणि पेला घेताना हात रिकामेच असावे लागतात हेही.

मग चांगली कामं, सेवा यांचं काय? धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने त्यांना सुंदर जागा दिली आहे. तिचे तीन भाग: माणसाचं दैन्य, त्यातून सुटका, आणि कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना ही दोन्ही तिने तिसऱ्या भागात घातली आहेत. म्हणजे ‘आपल्या आईबापांचा मान राख’ ही आज्ञा निवडलेल्यांच्या उपकारस्तुतीचा भाग झाली. तुम्ही आईचं पथ्यपाणी पाहता, डॉक्टरकडे नेता, तिच्या बोलण्याला उलट बोलत नाही. हे करताना तुम्ही आभारच मानत असता. मराठी शब्दही तेच सांगतो. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. आधी जाणायचं, मग बोलायचं.

प्रार्थनेचे शब्द हवे असतील तर मी असं करायला सांगेन. निवडीबद्दल आभार मानताना महिनाभर ‘मला’ हा शब्द बाजूला ठेवा, ‘आपल्याला’ म्हणा. रोज मंडळीतल्या एकाचं नाव घेऊन, तिला तू निवडलंस म्हणून उपकार माना. ज्या बहिणीशी तुमचं पटत नाही तिचंही नाव एक दिवस येऊ द्या. मग आईचं नाव घ्या. तिच्याबद्दल आभार मानायला विश्वासाची अट नाही. तिने तुम्हाला जन्म दिला, वाढवलं, तुम्ही बाप्तिस्मा घेतलात तेव्हा घराचं दार बंद केलं नाही. हे सगळं देवानेच तिच्या हातून केलं. आभारातून विनंती आपोआप निघेल, पौलाची निघाली तशी. आणि ‘निवड’ हा शब्द आईशी बोलताना वापरू नका. तो मंडळीच्या आतला, गुडघ्यांवरचा शब्द आहे. आईला सांगायचं ते प्रभूबद्दल सांगा, तो कसा आहे, त्याने काय केलं. तिने विचारलं तर.

एक शेवटचं. तुम्ही पत्राच्या अखेरीस सहज लिहिलंत की आईने विचारलं, तुमच्या कापणीच्या सणाला भाजीचा लिलाव असतो म्हणे, मी येऊ का बघायला. जरूर आणा. जाण्याआधी अनुवादाचा सव्विसावा अध्याय वाचून ठेवा. पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवताना इस्राएली माणसाने काय म्हणायचं ते तिथे दिलं आहे. ‘मी निवडलेल्या वंशातला’ अशी सुरुवात नाही. ‘माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता’ अशी आहे. आणि अकराव्या वचनात सांगितलंय की देवाने दिलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींबद्दल तू आनंद कर, आणि तुझ्याबरोबर लेवी, म्हणजे देवस्थानाची सेवा करणारा, आणि तुझ्यामध्ये राहणारा उपराही. आईला पुढच्या रांगेत बसवा. मेथीच्या जुडीवर तिला बोली लावायची असेल तर लावू द्या. आमच्याकडे असल्या लिलावात म्हाताऱ्या बायका फार वर जातात, आणि घेतलेली जुडी परत मंडळीलाच देऊन टाकतात.